केकचा डावा कोपरा

माझा पहिला फोटो लोकांनी खाल्ला.

मी तेव्हा आईच्या पोटात होते, तेहतीस आठवड्यांची. जवळच्या शहरातल्या मॉलमध्ये, चपलांच्या दुकानाच्या वर, एक माणूस पोटातल्या बाळांची सोनोग्राफी करून फोटो द्यायचा. तो डॉक्टर नव्हता. आधी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. नवरानवरी फार हलतात म्हणून त्याने धंदा बदलला. त्याने दिलेल्या बारा फोटोंतला एक बाबांनी निवडला, कारण त्यात माझं नाक आजोबांच्या नाकासारखं दिसत होतं. तो त्यांनी खाण्याच्या कागदावर छापला आणि केकवर चिकटवला. बाबांचा, म्हणजे जेनेझियोचा, धंदाच तो: लोकांच्या समारंभांचं जे काही छापता येईल ते छापणं.

त्या रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये माझ्या येण्याचा चहा होता. चहा कोणी पीत नाही, पण नाव तेच. त्यातच मातृदिन, त्यामुळे गर्दी दुप्पट. एका टेबलावर केक, दुसऱ्यावर फ्रिजला लावायची लोहचुंबकं, अडीचशे. प्रत्येकावर एक बगळा (आमच्याकडे बाळं तोच आणतो म्हणतात), ‘अंतोनिया’ हे नाव आणि ‘१३ जून’ ही तारीख. तेरा जूनला आईचं चौथं सिझेरियन ठरलं होतं. तो सांतो अंतोनियोचा सण, आणि आजीने संताला बोली केली होती, बाळ त्याच्याच सणाला येईल अशी. त्या दिवशी रविवार येत होता, तरी गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर आजीसाठी तयार झाले होते. तोपर्यंत ते रविवारी फक्त मासे पकडायचे.

त्या दुपारी कोण काय म्हणालं, हे मला प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलंय. जिथे जुळत नाही तिथे मी आजीचं खरं धरते, कारण ती अजून रागावू शकते.

लाविनियामावशी बसने आली, उशिरा. ती आईची धाकटी बहीण, बेलो ओरिझोंतेच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात संशोधन करायची. सिझेरियनच्या जुन्या व्रणांचं पुढच्या बाळंतपणात काय होतं, हा तिचा विषय. घरच्यांच्या भाषेत, “ती टाके मोजते.” स्लाइड्सचं प्रकरण आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. बाहेरच्यांसाठी एवढंच: माझ्या भावाच्या, ज्वाकिमच्या, बाप्तिस्म्याच्या जेवणात तिने सगळ्यांना समजावं म्हणून भिंतीवर पंचवीस रंगीत चित्रं दाखवली होती. अदालबेर्तोमामा तेव्हा काळ्या घेवड्यात शिजवलेलं डुकराचं मांस खात होता. तो पाद्रीबाबांच्या झग्यावर ओकला आणि त्या दिवसापासून मावशीशी बोलेनासा झाला. नंतर आजीने मावशीकडून शपथ घेतली की कुटुंबाच्या कार्यक्रमात चार शब्द उच्चारायचे नाहीत: व्रण, टाके, पिशवी आणि टक्केवारी.

“आई,” मामा मावशीकडे न बघता म्हणाला, “तुझ्या धाकटीला सांग, त्या खुर्चीवर माझी टोपी आहे.”

“आई,” मावशी म्हणाली, “थोरल्याला सांग, टोपी मला टोचतेय, म्हणजे तक्रार माझी आहे.”

“मी पोस्टमन नाही,” आजी म्हणाली. तिने मामाला टोपी दिली, मावशीचा मुका घेतला आणि सुरी उचलली. “या सगळे. नाक कोणाला हवंय?”

मावशी केकजवळ गेली. नाक बघायला वाकली. नाक आजोबांचंच होतं. मग तिची नजर सवयीने खाली, डाव्या कोपऱ्यात गेली, कारण गेली सहा वर्षं ती रोज अशा चित्रांच्या खालच्या कोपऱ्यातच बघत होती. बाळ कसं दिसतं याच्याशी तिच्या पगाराचं काही देणंघेणं नव्हतं.

तिथे वार होती. खूप खाली, आईच्या जुन्या व्रणांवर बरोबर पसरलेली. वार आणि पिशवीची भिंत यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसायला हवी. ती नव्हती. आणि वारेत वेड्यावाकड्या काळ्या जागा होत्या, लोकरीचा स्वेटर कसरीने खाल्ल्यासारख्या.

“थांब!”

आजीची सुरी हवेत थांबली. “काय झालं?”

“मला... फोटो काढायचाय.”

मावशीने केकचे चौदा फोटो काढले. वरून, बाजूने, अगदी जवळून, आणि दोन पडदे सरकवून उजेडात. आजूबाजूच्या बायकांचे डोळे पाणावले. “कितीही शिकली तरी भाचरांची माया सुटत नाही हो,” एक जण म्हणाली.

“जेनेझियो,” मावशी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, “छापताना शाई कमी पडली होती का? या कोपऱ्यात?”

बाबा दुखावले. “माझ्याकडे शाई कमी पडत नाही, लाविनिया. बिशपांच्या पंचाहत्तरीचं मी छापलंय.”

“मग साखरेचे बुडबुडे आले असतील.”

“बुडबुडे? कागद मी स्वतः चिकटवलाय. कार्डाने दाबून.” ते वाकले, चष्मा वर केला. “ही भोकं ना? ती मूळ फोटोतच आहेत. मला वाटलं, आर्ट आहे.”

जगात पहिल्यांदाच कोणाच्या तरी बायकोचा आजार छपाईच्या दर्जामुळे पक्का होत होता.

तेवढ्यात कोपरा नाहीसा झाला. मामाला कोपरे आवडतात, त्यांना दोन बाजूंनी क्रीम असतं. तो चावत चावत म्हणाला, “आई, हिला सांग, भोकंबिकं काही नाहीत. मी खाल्लंय. सलग लागतं.”

* * *

हॉलमागच्या स्वयंपाकघरात मावशीने आईला चीजच्या पावांच्या परातीशेजारी बसवलं. आजी सुरीसकट मागे आली. बाबा आले, कारण आपल्या छपाईबद्दल बोलणं चाललंय असं त्यांना अजून वाटत होतं.

“जुरेमा, मधे रक्त गेलं होतं का?”

आई पाव सोलत होती. पाव सोलायचा नसतो. “दोनदा. थोडंसं. डॉक्टर म्हणाले, वार जरा खाली आहे, वर सरकेल.”

“कधी म्हणाले?”

“फेब्रुवारीत.”

“आणि सरकली?”

“मला काय विचारतेस? मी आत जाऊन बघू?”

“रक्त गेलं?” बाबा म्हणाले. “कधी? मी कुठे होतो?”

“तू चुंबकांवर बगळे चिकटवत होतास.”

मावशीने श्वास घेतला. “ऐक. तुझी वार जुन्या... त्या जागेवर बसलीये. जिथे आधी तीनदा... शिवलंय. तिथली भिंत पातळ असते. वार कधीकधी त्या भिंतीतच मुळं धरते. बाळ निघाल्यावर ती सुटत नाही. गावातल्या दवाखान्यात चार खाटा आहेत आणि रक्ताची एकही पिशवी नाही.”

“पिशवी म्हणालीस,” आजी म्हणाली.

“रक्ताची, आई!”

“शपथेत कसली ते ठरलं नव्हतं.”

“तिला बेलो ओरिझोंतेला, आमच्या रुग्णालयात न्यायला हवं. उद्याच. नीट तपासायला. आणि मला दिसलं ते खरं असेल, तर तेरा जूनपर्यंत थांबता येणार नाही. कळा सुरू व्हायच्या आत, दोनेक आठवड्यांत करावं लागेल.”

सगळे एकदम बोलले. आजी म्हणाली, तेराची बोली आहे, संताशी तारखांचा खेळ करायचा नसतो. बाबा म्हणाले, अडीचशे चुंबकं. आई मात्र हळू बोलली, आणि तेच मावशीला लागलं.

“तू ज्वाकिमच्या वेळीही असंच घाबरवलं होतंस. मी पाच महिने झोपले नाही. आणि झालं काय? ज्वाकिम झाला. चार किलोचा.”

“मी तेव्हा एवढंच म्हणाले होते की हजार बायकांमागे—”

“टक्केवारी!” आजी आणि बाबा एका सुरात ओरडले.

आकडे काढून घेतल्यावर मावशीकडे काय उरतं, हे तिलाही माहीत नव्हतं. ती आईसमोर जमिनीवर बसली.

“जुरे. माझ्याकडे एकशे अठरा बायकांच्या फायली आहेत. सगळ्यांना तुझ्यासारखंच. ज्यांचं आधी कळलं, त्या मला नाताळला कार्डं पाठवतात, पोरांचे फोटो पाठवतात. ज्यांचं ऑपरेशनच्या टेबलावर कळलं, त्यांच्यातल्या काहींच्या फायली नवऱ्यांनी भरून दिल्यात. समोर बसून. मी पेन धरलेलं असतं, आणि ते तिचा आवडता रंगसुद्धा सांगतात. फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.”

कोणी शब्द मोजले नाहीत.

आई खूप वर्षांनी मला म्हणाली की तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. नाव माहीत नव्हतं, भीती माहीत होती. कोणाला सांगितलं असतं तर ती खरी झाली असती. म्हणून जितकी भीती वाढली तितकी सजावट वाढवली. आधी चुंबकं शंभरच सांगितली होती. दुसऱ्यांदा रक्त गेलं त्या दुपारी तिने बाबांना फोन करून म्हटलं, अडीचशे कर.

दारातून आवाज आला. मामा बशी घेऊन उभा होता, ओठाला क्रीम. मामाच्या चाळीस दुभत्या गाई आहेत.

“आई, हिला विचार, गाईची वार अडकते तसं का हे?”

“आई, त्याला सांग, त्याहून वाईट. गाईची उशिरा का होईना सुटते. ही सुटतच नाही.”

“हिला विचार, ओढली तर?”

“त्याला सांग, रक्त थांबत नाही.”

मामाने बशी ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गोठ्यात नव्या गड्याने घाईघाईत वार ओढली होती. बारोनेझा नावाची गाय, जिल्ह्याच्या प्रदर्शनात दुसरी आलेली. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन शेणात बसून होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण प्रदर्शनाची फीत त्याच्या गाडीत अजून लटकते.

त्याने आईकडे बघितलं, मग तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ मावशीकडे.

“लाविनिया, आत्ता निघायचं का उद्या?”

मावशी सवयीने आजीकडे वळली, मग त्याच्याकडे. “उद्या पहाटे. आत्ता तिला आराम दे. आणि रक्त दिसलं तर तेव्हाच.”

“दुधाची गाडी आहे. वास येईल, पण पळते.” मग तो आईला म्हणाला, “जुरेमा, ऊठ. लोहचुंबकांचं मला सांगू नकोस. मी गाईला जन्माच्या तारखेचा बिल्ला ती जन्मल्यावर लावतो.”

“मी गाय नाहीये, अदालबेर्तो.”

“गाय असतीस तर फेब्रुवारीतच दाखवली असती.”

आई रडायला लागली. मग हसायला लागली. मग तिने सोललेला पाव अर्धा मावशीला दिला. आमच्या घराण्यात याला माफी म्हणतात.

उरली आजी. “आणि संताला कोण सांगणार? मी शब्द दिलाय.”

“मी सांगते,” मावशी म्हणाली.

“तू? तू चर्चमध्ये फक्त पंखे चालू आहेत का बघतेस. राहू दे. माझा मी बघते त्याचं.”

आमच्याकडे नवरा हवा असलेल्या मुली सांतो अंतोनियोची मूर्ती उलटी करून ठेवतात, मागणं पुरं होईपर्यंत. आजीला नवरा नको होता, एक होऊन गेला होता. घरी जाऊन तिने संताला खाली डोकं वर पाय केलं आणि सांगितलं, “तारीख बदललीये. मुलगी आणि नात, दोघी हव्यात. एकावर मी तुला सरळ करणार नाही.”

* * *

दुसऱ्या दिवशी मावशीच्या वरिष्ठ डॉक्टर, पेर्पेतुआबाई, पाऊण तास पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “हे आधी कोणी पकडलं?”

“केकने,” बाबा म्हणाले.

बाईंनी मावशीकडे बघितलं. मावशीने फोनमधले चौदा फोटो दाखवले. बाईंनी त्यांतले दोन मागून घेतले. ते पुढे त्यांच्या व्याख्यानात आले, क्रीमच्या कडेसकट.

ऑपरेशन पंचवीस मे, मंगळवारी ठरलं. तोपर्यंत आईला तिथेच ठेवून घेतलं. वॉर्डाच्या दारावर बगळ्याची पाटी लावू द्याल का, असं बाबांनी विचारलं. नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी ती तळमजल्यावर रक्तदानाच्या खोलीच्या दारावर लावली, कारण तिथल्या बाईंना बगळे आवडत होते. ‘अंतोनिया येतेय’ असं वाचून दोन अनोळखी माणसं रक्त देऊन गेली.

आमची माणसं मामाच्या गाडीतून आली, तीन फेऱ्यांत, दुधाच्या कॅनवर बसून. एकतीस जण. नऊ परत पाठवले गेले. एका काकाने फॉर्मवर आजारांच्या रकान्यात “बायको” लिहिलं होतं, त्याला फॉर्म पुन्हा भरायला लावला. मामाची पाळी आली. खांद्यापर्यंत हात गाईत घालणारा तो माणूस सुई बघून, ती टोचायच्या आधीच, खुर्चीवरून घसरला.

शुद्धीवर आला तेव्हा मावशी त्याचे पाय वर धरून उभी होती.

“आता स्लाइड दाखवू नकोस,” तो म्हणाला.

“नाही दाखवत. हात दे. दुसरीकडे बघ.”

“कुठे?”

“बगळ्याकडे बघ.”

त्याने बगळ्याकडे बघत रक्त दिलं.

मंगळवारी सकाळी आठला आईला आत नेलं. मावशी त्याच विभागातली, पण सख्खी बहीण म्हणून तिला आत घेतलं नाही. ती बाहेर बाकावर बसली. आजीच्या मांडीवर संत होता, उलटा, रुमालात गुंडाळलेला, फक्त पाय बाहेर. बाबा शेजारी. ते कधी नव्हे ते काहीच छापत नव्हते.

बाहेर बसलेल्या सगळ्यांत वाईट अवस्था मावशीची होती, कारण घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आत काय चाललं असेल ते तिला माहीत होतं. सव्वाआठ, भूल. पावणेनऊ, पोट उघडलं असेल, वरून, वारेपासून लांब. नऊला नर्सने मला काचेतून दाखवलं. दोन किलो तीनशे, आणि रागावलेली.

“नाक बघ,” बाबा म्हणाले आणि रडले.

नऊनंतर कोणी बाहेर आलं नाही. दहा वाजले. रक्ताच्या पिशव्यांची पेटी घेऊन एक माणूस आत गेला. साडेदहाला दुसरी पेटी गेली. मावशीने त्या मोजल्या आणि कोणाला सांगितलं नाही.

“लाविनिया,” आजी समोर बघत म्हणाली, “आधी कळलेल्यांतल्या किती वाचतात?”

“आई, मी शपथ घेतलीये.”

“मी सोडवते शपथ. सांग टक्के.”

मावशीच्या फायलींमध्ये आधी कळलेल्या त्र्याऐंशी होत्या. ब्याऐंशी घरी गेल्या होत्या. आयुष्यात तिने कधी आकडा वर ढकलला नव्हता. दशांश चिन्हासाठी ती पेर्पेतुआबाईंशी आठवडाभर भांडली होती.

“सगळ्या,” ती म्हणाली. “शंभर टक्के.”

आजीने तिच्याकडे बघितलं. ती नऊ पोरांची आई, त्यांतली तीन जगली. तिला खोटं ओळखता येतं. तिने मावशीचा हात घेतला आणि संताच्या पायांवर ठेवला. “मग दोघी धरू. हाही थकला असेल.”

बारा वाजून दहा मिनिटांनी पेर्पेतुआबाई बाहेर आल्या. टोपी काढलेली, कपाळावर तिचा वळ. पिशवी काढावी लागली, वार तिच्यातच होती, ओढली नाही, हातही लावला नाही. नऊ बाटल्या रक्त गेलं. मग त्या म्हणाल्या, “जागी झाली की आधी काय विचारेल ते मला माहीत आहे, सगळ्या विचारतात: बाळ कसं आहे. पण तुमची जुरेमा भूल चढताना म्हणत होती, चुंबकांचं काय करायचं.”

आजीने तिथेच, सगळ्यांसमोर, संताला सरळ केलं.

* * *

चुंबकांचं काहीच केलं नाही. ती वाटली. आमच्या गावातल्या अडीचशे फ्रिजांवर मी तेरा जूनला जन्मले आहे, आणि दाखल्यावरच्या पंचवीस मेला कोणी विचारत नाही. वाढदिवस तेरालाच होतो. आजी म्हणते, बोली पाळली गेली, संत आणि ती समाधानी आहेत, सरकारने आपलं बघावं.

केक आता साधा असतो, वर फक्त नाव. तरी आजी सुरी हातात घेऊन थांबते. मावशी चष्मा लावते. वाकते. वरून बघते, बाजूने बघते, डाव्या कोपऱ्याशी जरा जास्त वेळ थांबते. मामा आता तिच्याशी सरळ बोलतो, कोणाला हवं त्याहून जास्तच.

“आटप गं, भूक लागलीये.”

“थांब.”

ती आणखी थोडं वाकते. मग सरळ होते.

“सलग आहे,” ती म्हणते. “कापा.”

डावा कोपरा आईला जातो. दोन्ही बाजूंचं क्रीम. ती तो उभ्या उभ्या खाते, सगळा, आणि बोटंही चाटते.